अकरा गोळ्यांची पिशवी

एका मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्याला पाचात चार तारे. पाचवा का कापला ते पुढे लिहिलंय.

दवाखान्याचं नाव टाकत नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणाची कुठली गोष्ट कधी फिरेल याचा नेम नाही, आणि दुखणं माझं नाही, आमच्या हिचं आहे. "लिहायचं तर लिहा, पण मला ओळखतील असं काही नको," या अटीवर परवानगी मिळालीय. मुलुंड-भांडुपच्या पट्ट्यात आहे, दुसरा मजला, लिफ्ट नाही. एवढ्यावर नाही सापडला तरी हरकत नाही. तिथे आम्हाला जे मिळालं ते आपापल्या डॉक्टरकडे मागता येतं, म्हणून लिहितोय.

मी बेस्टचा निवृत्त कंडक्टर. राहायला विक्रोळी, कन्नमवार नगर. हिला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी फार उतरतं. १९९५ साली धाकट्या मुलीच्या वेळच्या बाळंतपणानंतर सुरू झालं. चढतं तेव्हा रात्री तीनला उठून तांदूळ निवडायला बसते, मग घरातले सगळे डबे घासायला काढते. एकदा तर विक्रोळीहून सिद्धिविनायकाला चालत निघाली, अनवाणी, तेही मंगळवार नसताना. सायनला पोलिसांनी बसवून ठेवली होती. उतरतं तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडते. बोलत नाही, उशाशी ठेवलेल्या चहावर साय धरते. त्या वेळी शेजारी म्हणायचे, "ठाण्याला दाखवा." १९०१ सालापासून ते मनोरुग्णालय तिथे आहे, त्यामुळे मुंबईत ठाण्याचं नाव घेतलं की लोक गालातल्या गालात हसतात. आम्ही खरंच ठाण्याला दाखवलं. तिथल्या ओपीडीतल्या डॉक्टरांनी लिथियम सुरू केलं आणि त्या गोळीने आमचा संसार उभा राहिला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की मी लिथियमच्या विरोधात आहे. अजिबात नाही.

नंतर घराजवळचे एक मानसोपचारतज्ज्ञ बघायचे. ते २०२० मध्ये दवाखाना बंद करून मुलाकडे राहायला गेले. आम्ही काय केलं? त्यांची शेवटची चिठ्ठी लॅमिनेट करून घेतली. तीन वर्षं ती केमिस्टला दाखवून लिथियमच्या ३०० च्या तीन गोळ्या रोज, असं चालू ठेवलं. केमिस्टनेही कधी तारीख बघितली नाही. रक्ताची लिथियमची तपासणी शेवटची २०२१ ची. चूक आमचीच. माणूस ठीक दिसतं तोवर कोण कशाला सुई टोचून घेईल?

मधल्या काळात बाकीचे डॉक्टर आपापलं काम करत होते. फॅमिली डॉक्टरांनी बीपीला लोसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड (हे अंगातलं पाणी काढतं) एकत्र असलेली गोळी दिली आणि मीठ कमी करायला सांगितलं. गुडघ्यासाठी हाडाच्या डॉक्टरांनी दुखण्याची गोळी डायक्लोफिनॅक दिली, रोज दोन. दोघांनाही हिचं लिथियम माहीत होतं का? विचारलंत तर दोघेही म्हणाले असते की पेशंटने सांगितलं नाही. आणि आम्हाला हे माहीत नव्हतं की ते सांगायचं असतं.

२०२३ ची नवरात्र. ऑक्टोबरचा उकाडा. ही नऊही दिवस उपास करते, एक वेळ वरीचा भात आणि दिवसभर जवळपास काही नाही. सहाव्या माळेला जुलाब लागले. सातव्या माळेला हात इतका थरथरायला लागला की निरांजन लावताना काडी तीनदा विझली. मला वाटलं अशक्तपणा. आठव्या माळेला, रविवारी, बाथरूमहून येताना दारूड्यासारखी भिंतीला धरून आली आणि माझं नाव नीट घेता येईना. धाकटी म्हणाली, बाबा, हे अशक्तपणाचं नाही. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. लिथियमचा आकडा आला २.१. नेहमी तो ०.६ ते १ च्या आसपास हवा. दीडच्या वर गेला की विषबाधा सुरू होते. पाच दिवस सलाईन. तिथल्या निवासी डॉक्टरांनी लिथियम थांबवलं, दुखण्याची गोळी बंद करायला लावली, झोप आणि मन ताळ्यावर राहावं म्हणून क्वेटियापिन सुरू केलं आणि सांगितलं की आता एका मानसोपचारतज्ज्ञाकडे नियमित जा. दसरा वॉर्डातच गेला. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी आपट्याची दोन पानं दिली.

असे आम्ही नोव्हेंबरमध्ये या दवाखान्यात पोहोचलो.

फोनवरच रिसेप्शनच्या मुलीने सांगितलं होतं, "काका, घरात काकूंच्या जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्या सगळ्या पिशवीत घालून आणा. आयुर्वेदिक, होमिओपॅथी, गुडघ्याचं तेल, सगळं. रिकाम्या स्ट्रिपासुद्धा." मला ते जरा अतीच वाटलं. तरी भाजीची कापडी पिशवी भरून नेली.

आत डॉक्टर मॅडम आणि त्यांच्या बरोबर एक फार्मसिस्ट मुलगी. तिने टेबलावर पिशवी ओतली आणि पत्ते मांडावेत तशी एकेक स्ट्रिप ओळीत मांडली. अकरा प्रकारच्या गोळ्या निघाल्या. डायक्लोफिनॅकसुद्धा निघाली. बंद करायला सांगितली होती तरी हिने 'लागली कधी तर' म्हणून जपून ठेवली होती. मग प्रत्येक गोळीला तीन प्रश्न: कोणी दिली, कशासाठी, आणि कधी बंद करायची होती? पहिल्या दोनची उत्तरं मी देत होतो. तिसऱ्याला अकरापैकी एकाही गोळीचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

इथे मला या दवाखान्याची किंमत कळली. गोळी सुरू करणारे डॉक्टर मुंबईत पायलीचे पन्नास. आमच्या आयुष्यात एकही असा नव्हता ज्याने टेबलावर सगळ्या गोळ्या एकत्र बघितल्या.

ओळीतून काय काय निघालं ते सांगतो. अ‍ॅसिडिटीचं पॅन्टोप्राझोल दोन वेगळ्या नावांनी चालू होतं, एक फॅमिली डॉक्टरांचं, एक हाडाच्या डॉक्टरांचं. रंग वेगळा, खोका वेगळा, औषध तेच. झोपेची झोलपिडेम दोन वर्षांपासून. केमिस्ट तिच्यासाठी वेगळ्या रजिस्टरमध्ये नाव-पत्ता लिहून घ्यायचा, तेवढ्यापुरती ही ओशाळायची आणि दुकानाच्या पायरीखाली उभी राहायची. आणि सगळ्यात मजेशीर, खरं तर अजिबात मजेशीर नव्हे, ती ट्रायहेक्सिफेनिडिल. २००९ मध्ये ही खूप चढली होती तेव्हा काही महिने हॅलोपेरिडॉल दिलं होतं. त्याने अंग आखडतं, हात कापतात, म्हणून जोडीला ही गोळी. हॅलोपेरिडॉल बंद झालं, जोडीची गोळी चालूच राहिली. चौदा वर्षं! रस्त्याचं काम संपून डांबर वाळलं तरी डायव्हर्शनचा बोर्ड उभाच, आणि आम्ही रोज वळसा घालून जातोय. त्या गोळीने तोंड कोरडं पडतं, शौचाला होत नाही, वय झालेल्या माणसाची आठवण मंदावते. शौचाला होत नाही म्हणून आम्ही चूर्ण आणलं होतं. आठवण कमी झाली म्हणून धाकटी ब्राह्मीच्या कॅप्सूल आणायचं म्हणत होती. एका गोळीच्या पोटी दुसरी जन्माला येते ती अशी.

मॅडमनी त्या दिवशी एकही गोळी एकदम बंद केली नाही, दुखण्याची सोडून. ती मात्र माझ्यासमोर कचऱ्याच्या डब्यात. गुडघ्याला पॅरासिटामॉल, तेही लागेल तसं. बाकी सगळं पायरीपायरीने. ट्रायहेक्सिफेनिडिल दीड महिन्यात उतरवली, झोलपिडेम दोन महिन्यांत, अर्धी, मग एकाआड एक दिवस. मधल्या चार-पाच रात्री ही टक्क जागी होती आणि मला घाम फुटला होता, कारण आमच्या घरात जाग म्हणजे चढतीची पहिली खूण. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की असं होईल, आणि चढतीची जाग कशी ओळखायची तेही सांगितलं होतं: जागी असून दुसऱ्या दिवशी थकलेली दिसली तर काळजी नको, जागी असून ताजीतवानी दिसली तर फोन करा. थकलेलीच होती.

लिथियमबद्दल मी स्पष्ट विचारलं. एवढं झाल्यावर पुन्हा तीच गोळी? त्यांनी घाई केली नाही. किडनीची तपासणी, थायरॉइड, कॅल्शियम, ईसीजी, सगळं करून घेतलं. मग समजावलं. लिथियम हे एक क्षारच आहे. शरीराला ते मिठासारखंच वाटतं. माझ्या डोक्यात ते असं बसलं: किडनीच्या कंडक्टरला मीठ आणि लिथियम हे दोन प्रवासी ओळखू येत नाहीत. अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की तो घाबरून मीठ उतरू देत नाही, आणि त्याच्याबरोबर लिथियमही बसमध्येच राहतं. उपास, जुलाब, उकाडा, मीठ तोडणं, पाणी काढणारी बीपीची गोळी, डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी, हे सगळं एकाच दिशेने ढकलतं. आमच्याकडे त्या नवरात्रात हे सगळंच एका वेळी झालं होतं. इतक्या सरळ भाषेत हे आम्हाला अठ्ठावीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. हे औषध १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरांनी वापरायला घेतलं, हेही त्यांनीच सांगितलं. मी म्हटलं, बेस्ट १९४७ ला पालिकेकडे आली, म्हणजे दोघं बरोबरचेच. त्या हसल्या. पहिल्यांदाच हिच्याही चेहऱ्यावर काहीतरी हललं.

फॅमिली डॉक्टरांना मॅडमनी पत्र दिलं: बीपीची गोळी बदलावी. आमचे डॉक्टर जरा फुगले. "आता वेड्यांचे डॉक्टर आम्हाला बीपी शिकवणार," असं म्हणाले. हिच्या देखत. मी काही बोललो नाही, पण त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे सर्दीपुरताच जातो. गोळी मात्र त्यांनी बदलली, अ‍ॅम्लोडिपिन दिली. मग जानेवारीत लिथियम ३०० ची एक, दहा दिवसांनी आकडा, मग दोन. आता रात्री नऊला दोन, आकडा ०.६२. अकराच्या सहा गोळ्या झाल्या. चूर्ण बंद, इसबगोल कधीमधी.

क्वेटियापिनचं जरा वेगळं. त्याने झोप छान लागली, पण वजन चार किलो वाढलं, साखरेचा तीन महिन्यांचा आकडा ७.१ वरून ७.९ वर गेला, आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी. मॅडम दर वेळी वजनाबरोबर पोटाचा घेर टेपने मोजतात. हिला पहिल्यांदा फार संकोच झाला. आता स्वतःच पदर सावरून उभी राहते. लिथियम स्थिरावल्यावर डोस अर्धा केला. पूर्ण बंद करायला त्या तयार नाहीत. मला वाटतं अजून थोडा कमी करता येईल, पण ते माझं वाटणं.

दवाखान्याने दिलेला एक कागद मी फ्रिजवर लावलाय. मराठीत, मोठ्या अक्षरात: औषध, कशासाठी, कोणी दिलं, कधीपासून, कधी पुन्हा विचार करायचा. खाली लाल शाईत: जुलाब, उलटी, ताप असेल तर लिथियम थांबवून फोन करा. पाणी रोज सारखं, मीठ रोज सारखं, एकदम कमी नाही एकदम जास्त नाही. दुखण्याची कुठलीही गोळी विचारल्याशिवाय नाही. गेल्या नवरात्रात हिने उपास केलाच, कोणाचं ऐकते ती! पण मॅडमनी फळं, ताक, मीठ घातलेली साबुदाण्याची खिचडी असं ठरवून दिलं, आणि पाचव्या माळेला आकडा तपासून घेतला. ठीक होता.

माझी स्वतःची भर एवढीच की मी हिच्या गोळ्यांचं वेबिल ठेवतो. आमच्या वेळी कंडक्टरला ड्युटी सुरू होताना वेबिलावर तिकिटांचा पहिला नंबर लिहावा लागायचा आणि संपताना शेवटचा. फरक म्हणजे विकलेली तिकिटं. तसंच रविवारी स्ट्रिपांवरच्या लिथियमच्या गोळ्या मोजायच्या, आठवड्याने पुन्हा मोजायच्या, चौदा कमी व्हायला हव्यात. तेरा झाल्या तर एक गोळी चुकली, पंधरा झाल्या तर एक जादा गेली. गोळ्या ठेवायला दादरहून अठ्ठावीस कप्प्यांचा प्लास्टिकचा डबा आणला. खरं तर माझी तिकिटांची पेटी असती तर तीच वापरली असती. कप्पे इतके सोयीचे दुसरीकडे कुठे बघितले नाहीत. पण ती डेपोत जमा करावी लागते.

वेबिलचा उपयोग झाला, तोही या दवाखान्याविरुद्धच. तिसऱ्या भेटीला मॅडम रजेवर होत्या, त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी नवीन चिठ्ठीत थायरॉइडची ५० ची गोळी ७५ लिहिली आणि लिथियम 'एसआर ४००' लिहिलं. आमची ३०० ची साधी. दोन्ही वेगळ्या गोळ्या आहेत. एक पोटात हळूहळू विरघळते, दुसरी लगेच, आणि डोसही एक नाही. घरी येऊन डब्यात भरायला घेतल्या तेव्हा आकार वेगळा दिसला. फोन केला तर म्हणे, "चुकून कॉपी झालं." दुसऱ्या दिवशी मॅडमनी स्वतः फोन करून माफी मागितली आणि दुरुस्त चिठ्ठी पाठवली. माफी मनापासून होती. पण ज्या दवाखान्याचं काम गोळ्या तपासणं आहे तिथे असं होणं मला पटलेलं नाही. पाचव्या ताऱ्याचा अर्धा भाग तिथे गेला.

उरलेला अर्धा रिसेप्शनवर. भरलेल्या वेटिंगमध्ये "लिथियमवाल्या काकू, आत या!" अशी हाक मारली. समोर आमच्याच नगरातला एक मुलगा बसला होता, आईबरोबर. हिने ओढणी डोक्यावरून घेतली आणि पुढचे पंधरा दिवस यायला तयार नव्हती. मी मॅडमना सांगितलं, तेव्हापासून टोकन नंबरने बोलावतात. पण हे आधीच सुचायला हवं होतं ना.

आणखी बारीकसारीक. सहाची वेळ दिली की सव्वासात धरून चला. पहिली भेट पाऊण तासाची, १५०० रुपये. नंतर ८००, वीस मिनिटं. मेडिक्लेम यासाठी एक पैसा देत नाही. २०१७ च्या कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायला सांगितलंय, पण आमच्या पॉलिसीत ओपीडीच नाही, मग गुडघा काय आणि मन काय. लिथियमच्या गोळ्या स्वस्त, महाग ती तपासणी, आमच्या लॅबमध्ये साडेचारशे. ज्याला परवडत नाही त्याने केईएम, सायन, नायरच्या मानसोपचार ओपीडीत जावं. रांग मोठी, पण डॉक्टर तयार असतात. फक्त पिशवी घेऊन जा, आणि तेच तीन प्रश्न आपणच विचारा.

रात्री आठनंतर दवाखान्याचा फोन कोणी उचलत नाही. एप्रिलमध्ये एकदा रात्री साडेअकराला हिला दोन उलट्या झाल्या आणि मी घाबरलो. १४४१६ वर फोन लावला, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, २०२२ पासून. मराठीत बोलणारी मुलगी होती. तिने हात थरथरतोय का, बोलणं नीट आहे का, चालताना तोल जातोय का हे विचारलं, रात्रीची लिथियम देऊ नका म्हणाली, आणि यातलं काही दिसलं तर थेट रुग्णालय गाठा. काही दिसलं नाही. दुपारच्या लग्नातल्या पनीरचा प्रताप होता. पण या दवाखान्याने रात्रीसाठी निदान एक नंबर ठेवायला हवा, दर भेटीत मी हे सांगतो आणि दर भेटीत ते लिहून घेतात.

पुढची भेट सोमवारी. त्याआधी शनिवारी रक्त द्यायचंय. शुक्रवारची गोळी रात्री नऊला, रक्त सकाळी नऊला, मध्ये बारा तास पुरे व्हायला हवेत, नाहीतर आकडा फसवतो. लॅबचा मुलगा मागच्या दोन्ही वेळी साडेदहाला उगवला. या वेळी आम्हीच पावणेनऊला त्याच्या दाराशी जाऊन बसणार आहोत. खाण्याचा डबा घेऊन, कारण हिला उपाशी राहिलेलं आता मला चालत नाही.